बैठ्या घराचा नकाशा

४ जानेवारी, रविवार
इंजिनिअर श्रीनिवास येऊन गेले. दोन मजले चढून धापा टाकत पहिलंच वाक्य, "मॅडम, साब को इत्ते ऊपर कायकू रखे?" जसं काही मीच ठेवलंय. अंबरपेठेतली ही भाड्याची जागा अण्णांनीच घेतलेली, तेव्हा गुडघे चांगले होते आणि आई होती. दिवाळीआधी अण्णा जिन्यात पडले त्यानंतर खाली उतरलेले नाहीत. गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या बसचे नंबर वाचतात.

प्लॉट शहराबाहेर, हयातनगरच्या पुढे, दोनशे चौरस गजांचा. अण्णांनी नोकरीत असताना घेऊन ठेवलेला. आता त्यावर बैठं घर. जिना नको, उंबरा नको, गच्चीवर जायला लोखंडी शिडीसुद्धा नको म्हणाले. श्रीनिवास हसले, "साब, टंकी साफ करने कौन उडके जाता?" शिडी मंजूर.

अण्णा आज जेवताना बोलत होते. बऱ्याच दिवसांनी.

७ जाने.
खर्चाचा अंदाज आला. तीस लाखांच्या आसपास. बांधकाम, बोअर, संप म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, कंपाउंड सगळं धरून. अण्णांच्या ठेवी आणि उदगीरच्या जमिनीचा वाटा मिळून तेरा. विनय पुण्याहून पाच देतो म्हणतोय. उरलेलं कर्ज माझ्या नावावर, कारण पगार माझा. हप्ते थेट निवृत्तीपर्यंत.

विनय फोनवर : "ताई, टॅक्समध्येही फायदा आहे तुला."
भावाला माझा फायदा लवकर दिसतो.

११ जाने., रवि.
अण्णांना प्लॉटवर नेलं. तळमजल्यावरचे रशीदभाई आणि त्यांचा जावई, दोघांनी खुर्चीसकट उचलून खाली आणलं. अण्णा डोळे मिटून बसले होते, देवाच्या पालखीत बसावं तसे. गाडीत दिलसुखनगरपर्यंत एक शब्द नाही. मग एकदम दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लागले.

श्रीनिवासनी जमिनीवर चुन्याने खोल्या आखून ठेवल्या होत्या. अण्णा वॉकर घेऊन त्या रेघांतून हिंडले. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून अंगणात. भिंती नाहीत तरी दारातूनच जात होते. पायांना माती लागली म्हणून किती खूश!

मग त्यांच्या खोलीच्या रेघेत उभे राहून म्हणाले, "नलू, ही पलीकडची तुझी. मधे दार ठेवलंय. हाक मारली की ऐकू येईल तुला."
माझ्या खोलीला दुसरं दारच नाही. आत जायचं तर अण्णांच्या खोलीतून.
मी त्या चौकोनात उभी राहिले. चारी बाजूंनी मोकळं रान, आणि मला श्वास घेता येईना. ऊन लागलं असेल म्हणून गाडीत जाऊन बसले.

१३ जाने.
ऑफिसात साहेबांनी बोलावलं. बढती. ब्रँच मॅनेजर, वायझॅग. "मॅडम, आधी दोनदा नाही म्हणालात. आता हेडऑफिस तिसऱ्यांदा विचारतंय, यानंतर विचारणारच नाही." पहिल्यांदा आईचं आजारपण होतं. दुसऱ्यांदा आईनंतरचे अण्णा. मार्चच्या पहिल्या सोमवारी उत्तर द्यायचंय.

घरी सांगितलं नाही. उद्या संक्रांत. तिळगूळ केला, पाक जरा कडक झाला. अण्णांना चावता येईना, पण चांगला झालाय म्हणाले.

१८ जाने.
श्रीनिवासना फोन करून म्हटलं, माझ्या खोलीला बाहेरून दार द्या, छोटासा व्हरांडा द्या. खर्च थोडा वाढेल म्हणाले. संध्याकाळी विनयचा फोन. त्याला कसं कळलं? अण्णांनी सांगितलं, अण्णांना श्रीनिवासनी.
"ताई, बाहेरून दार कशाला? सेफ्टीचं बघ ना. आणि तुझ्याकडे वेगळं कोण येणार आहे?"
सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला धाकटा भाऊ हे विचारतो.
म्हटलं, "हवा यायला."
"मग खिडकी मोठी करू."

२५ जाने.
खिडकी मोठी केली. नकाशात आली पण. ग्रिलसकट.

२ फेब्रुवारी
कर्जाचे कागद तयार आहेत, सही तेवढी बाकी. बँकेतला माणूस म्हणाला, कधीही या. आज रजा टाकून निघाले. बस बदलायला कोटीच्या स्टॉपवर उतरले, आणि बँकेकडे न वळता सुलतान बाजारात शिरले. पडद्यांची कापडं बघत फिरले. दुकानदार विचारतो, किती खिडक्या, माप काय. मला फक्त एकाच खिडकीचं माप तोंडपाठ. काहीच न घेता घरी.
अण्णा : "झाली सही?"
"साहेब रजेवर होते."
बँकेतल्या साहेबाला मीच रजेवर पाठवलं.

८ फेब्रु., रवि.
आज बोलले. ठरवून नाही. अण्णा नकाशा मांडीवर घेऊन बसले होते, म्हणाले, मधल्या दाराला कडी नक्को, रात्री तुला उठून उघडावी लागेल. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, मी त्या खोलीत नसेन कदाचित."
मग सगळंच सांगितलं. वायझॅग, मार्च, तिसरी वेळ.

अण्णांनी नकाशाची घडी घातली. मग,
"कधी कळलं?"
"संक्रांतीच्या आधी."
"आणि आधी दोनदा विचारलं होतं?"
"हो."
"मला एकदाचंच माहीत होतं."

मी म्हटलं, तुम्ही पण चला ना तिकडे, ऑफिस क्वार्टर देतं. "कितवा मजला?" तिसरा, पण लिफ्ट आहे. "एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात. नक्को."

मग त्यांनी स्वतः विनयला फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर. मी तिथंच. "विनय, नलू वायझॅगला जातेय. मी तुझ्याकडे येऊन राहू का?"
पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. "या ना अण्णा, तुमचंच घर आहे. फक्त सध्या माझ्या सासूबाई आहेत इथे. जूननंतर बघू या? आणि ताईच्या लोनचं झालंय ना?"
अण्णांनी फोन ठेवला. म्हणाले, "पान वाढ." भाजीला मीठच नव्हतं, मला खाताना कळलं. त्यांनी तशीच संपवली.

१२ फेब्रु.
अण्णा नेहमीसारखे. पेपर, बस, चहा. वायझॅगबद्दल अवाक्षर नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, माझ्याकडेही बोलायला काही असतं.

१५ फेब्रु., रवि.
श्रीनिवास नवा नकाशा घेऊन आले. मी काही सांगितलं नव्हतं. उलगडून बघते तर घर निम्मं झालेलं. एक मोठी खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पुढे ओटा. मागच्या बाजूला वेगळी छोटी खोली, तिला स्वतंत्र दार.
"और मेरा कमरा?"
श्रीनिवास अण्णांकडे बघायला लागले. "साब फोन करके बोले, मॅडम ट्रान्सफर पे जारे."

मागची खोली लक्ष्मम्मासाठी. मी ऑफिसात असते तेव्हा दिवसभर ती अण्णांकडे असते. ती आणि तिचा नवरा तिथं राहायला येणार. नवऱ्याची रिक्षा आहे, दवाखान्याची सोय झाली. अण्णांनी तिच्याशी बोलूनही घेतलंय. खर्च बसतो ठेवींमध्ये आणि उदगीरच्या पैशात. विनयचे नकोत. माझं कर्ज नको.

मला आनंद व्हायला हवा होता. मी भडकले. श्रीनिवास बूट घालून कधी गेले, कळलंही नाही.
"मला न विचारता?"
"तुला विचारून काय होणार? तू सगळ्याला हौ म्हणतेस."
"कुणासाठी म्हणते?"
"ते तू कधी सांगितलं नाहीस, नलू. इतकी वर्षं हौ म्हणालीस, मला वाटलं तुला पटतंय."
आवाज चढलेला नव्हता. खरंच वाटलं असेल त्यांना तसं.

लक्ष्मम्माच्या खोलीला बाहेरून दार, बिनतक्रार. ते डोक्यातून जात नाही.

२० फेब्रु.
ऑफिसातून आले तर लक्ष्मम्मा जिन्याच्या तोंडाशी उभी. हळू आवाजात म्हणाली, "अम्मा, साब को नक्को बोलो मैं बोली करके." गेला आठवडाभर अण्णा दुपारी तिला घेऊन जिना उतरायचा सराव करतात. कठडा धरून, एकेक पायरी, बसून. आज पहिल्या वळणापर्यंत उतरले आणि वर चढता येईना. तिथेच बसून राहिले. रशीदभाई नमाजाहून येत होते, त्यांनी उचलून वर आणलं. रशीदभाईंनाही शपथ घातली की बेटी को नहीं बताना.

आत गेले. अण्णा पेपर वाचत होते. उलटा नव्हता, पण सकाळचाच होता आणि पहिलंच पान. कोपर खरचटलेलं.
"हे काय झालं?"
"दाराला लागलं."
मी हळद लावली. आम्ही दोघं एकमेकांना मोकळं करायला निघालोय, आणि दोघांनाही जिना उतरता येत नाही.

२३ फेब्रु.
विनयचा फोन. त्याला नवा नकाशा पसंत नाही. "लोक काय म्हणतील, ताई? म्हाताऱ्याला कामवालीच्या भरवशावर सोडलं म्हणतील." म्हटलं, कुणी सोडलं म्हणतील? तो म्हणाला, "तसं नाही गं." मग थोड्या वेळाने, "तू राहिलीस तर मी पाचाचे सात करतो."
माझा भाव दोन लाखांनी वाढला.
म्हटलं, सात राहू दे, पुढच्या महिन्यात चार दिवस येऊन राहा त्यांच्याजवळ. बघतो म्हणाला.

२६ फेब्रु.
सोमवारी साहेबांना उत्तर द्यायचं. काय हवंय मला? हा प्रश्न कुणी विचारत नाही अशी माझी तक्रार होती. आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत स्वतःला विचारून पाहिला. वायझॅगला जायचंय. हे उत्तर पटकन आलं. त्याच्या मागोमाग दुसरं, की फोन आला तर रात्रभर गाडीत बसून पोचेपर्यंत काय झालं असेल ते झालेलं असेल. ही दोन्ही उत्तरं माझीच. हे दुसरं माझ्यावर कुणी लादलंय असंही म्हणता येत नाही.

डबा तसाच परत आणला.

१ मार्च, रवि.
श्रीनिवासचा सकाळीच फोन : "मॅडम, बोअर की लारी खाली है आज. लेकिन कौनसा प्लॅन फायनल? बडा की छोटा?"
दोन्ही नकाशे टेबलावर. अण्णा समोर. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मुद्दाम मान खिडकीकडे वळवली. बोअर दोन्हींत त्याच ईशान्य कोपऱ्यात. म्हटलं, पाणी तर कुठल्याही घराला लागतं. मारा.

प्लॉटवर मी एकटीच गेले. नारळ फोडला. मग लारीवरच्या यंत्राचा जो आवाज सुरू झाला तो पार दुपारपर्यंत. आधी तांबडी धूळ, मग खडकाची पांढरी भुकटी. केस, साडी, भुवया सगळं पांढरं. श्रीनिवास म्हणाले, लारीत बसा. मी नाही बसले. खडकच खडक निघत होता आणि दर फुटाला पैसे. थांबवू का, त्यांनी दोनदा विचारलं. म्हटलं, अजून जाऊ द्या. कुणाला न विचारता म्हटलं.

मग भुकटी ओली झाली. चिखल उडाला आणि पाणी आलं, राखाडी, जोरात. लारीवाले ओरडले. मी भिजून उभी.

अण्णांना फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला.
"लागलं?"
"लागलं, अण्णा."
"गोडं आहे का खारं? चाखून बघ."
ओंजळीत घेतलं. नुसता गाळ.
"गढूळ आहे अजून. उद्या कळेल."
"हौ," म्हणाले. फोन ठेवला नाही. मीही नाही. पाण्याचा आवाज त्यांना ऐकू येत असावा.
उद्या सोमवार.