इकडं अन् तिकडं, एकाच टायमाले

१२ ऑगस्ट, मंगळ.
आज वर्ग संपला तरी डोकं तिथंच. बस देवळीला थांबली, मी उतरलेच नाही. कंडक्टरनं हाक मारली तेव्हा भान आलं.

सापेक्षता सुरू झाली. सरांचं उदाहरण : देवळीत आणि समुद्रपुरात एकाच वेळी लाईट आली. आपल्या घड्याळांनी एकाच वेळी. पण प्रचंड वेगानं वरून जाणाऱ्याच्या घड्याळांनी एकीकडे आधी, दुसरीकडे नंतर. मी म्हटलं, उजेड पोचायला वेळ लागतो म्हणून तसं दिसत असेल. सर म्हणाले, तो वेळ वजा करूनच सांगतोय. मग खरं कोणाचं? दोघांचंही.

म्हणजे सगळ्या जगाचं मिळून एक ‘आत्ता’ नाहीच. लग्न, संसार, तिशीत पुन्हा बी.एस्सी., आणि इतकी वर्षं हे कोणी...

१३ ऑगस्ट
गणित तीनदा केलं. चूक सापडावी असं वाटत होतं. नाही सापडली.
प्रवीणला सांगितलं. नवरा शेवटी शेतकरी. म्हणाला, ‘‘आपल्याकडं लाईट येते तरी का टायमावर?’’ आणि पंप पाहायला गेला.

१४ ऑगस्ट
सासूबाईंसोबत भेंडी तोडत होते. दोन दिवस गुमसुम काऊन, विचारलं त्यांनी. मी लाईटचंच उदाहरण दिलं. त्यांचे हात थांबले.
‘‘म्हंजे इकडं अन् तिकडं एकाच टायमाले झालं, असं पक्कं नाई म्हनता येत?’’
नाहीच येत, म्हटलं मी. उत्साहात.

सा.बा. बांधावर बसल्या. मग राजूचं बोलल्या. राजू म्हणजे धाकटे दीर, माझ्या लग्नाआधी सुरतला अपघातात गेले, एवढंच मला माहीत. त्या दुपारी सा.बा. वडनेरला भाचीच्या हळदीत होत्या. बायांनी ओढलं म्हणून नाचल्या. जन्मात पहिल्यांदा. नंतर सुरतहून वेळ कळली. तीच.
‘‘माह्या पोराचा जीव जाऊन राह्यला होता, अन् मी नाचून राह्यली होती.’’
मामंजींनाही कधी सांगितलं नाही म्हणे.

काय बोलून बसले मी. जेवण गेलं नाही.

१६ ऑगस्ट, शनि.
सरांना गाठलं. सुरत-वडनेर अंतर धरून विचारलं, का ते नाही सांगितलं. सर हसले. एवढ्याशा अंतराला प्रकाशाच्या निम्म्या वेगानं जाणाऱ्यालाही पडणारा फरक पापणी लवण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी लहान. जमिनीवरच्या माणसांना दुपार एकच.
बसमध्ये रडू आलं. सांगायचं की नाही? न सांगितलं तर सा.बा. खोट्यावर जगणार, आणि ते खोटं माझं.

१७ ऑगस्ट, रवि.
सांगितलं. सा.बा. अंगणात मिरच्यांचे देठ काढत होत्या. म्हटलं, आई, मी अर्धंच बोलले होते. फरक इतका लहान आहे की माणसाला कळणारसुद्धा नाही. तुम्ही आणि राजूभाऊजी, दोघंही जमिनीवरच होता.

वाटलं, कोसळतील. त्या देठ काढत राहिल्या.
‘‘पन हाये ना थोडा?’’
गणितात तर आहेच.
‘‘आहे,’’ म्हटलं.
‘‘मंग राहू दे.’’

तेवढ्यात मामंजींनी चहा मागितला. त्या उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, ‘‘हे प्रवीणले नको सांगू.’’
कोणतं, ते विचारायचं धाडस झालं नाही.