सव्वाचारचा फोटो

६ मार्च, गुरुवार

शनिवारी दुपारी सव्वाचार वाजता मी फोटो काढायला कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला. सगळं तिथंच बदललं. माझा लहानपणापासूनचा दोस्त बुटक्या, त्याचं विमान सोमवारी पडलं, तार आज आली — पण माझ्या लेखी तो शनिवारीच गेला.

बॉम्ब टाकून परतताना, तळापासून पाच मैलांवर कोसळलं. आतले सगळे गेले. हा शेपटीत बसायचा, काचेच्या पिंजऱ्यात, बंदुकीमागं, मागे तोंड करून. उंची कमी म्हणून ती जागा मिळाली. ‘भडकू, कुठं चाललोय ते मला कधी दिसतच नाही. कुठून आलो तेवढं दिसतं.’ मला असं सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

मामानं आज स्टुडिओ लवकर बंद केला. दिवसभर मला कशाला हात लावू दिला नाही. त्याला काही माहीत नाही, तरी.

७ मार्च, शुक्रवार

शनिवारची काच अजून औषधात धुतलेली नाही. फोटो तिच्यावरच आहे, उमटायचा बाकी. लाकडी चौकटीत बंद, वरच्या फळीवर.

९ मार्च, रविवार

लिहूनच टाकतो. इथं कोण वाचणार आहे.

त्यांच्या तळावर एक नियम आहे. कागदावर नाही, पण मोडत कुणी नाही. मोहिमेवर जायच्या आधी फोटो काढायचा नाही. उतरल्यावर हवे तेवढे काढा. कुणीतरी एकानं आधी काढला आणि परत आलाच नाही, तेव्हापासून. हे मला बुटक्यानंच सांगितलं होतं. मी फिदीफिदी हसलो होतो.

गेल्या आठवड्यात तो दोन दिवसांच्या रजेवर आला आणि कळलं — तो आणि ती लग्न करणार. ती! जिच्यापायी मी दुसऱ्या वर्षाला कॉलेजवर लाथ मारली. ‘तू चांगला आहेस, पण तसं नाही रे’ हे तिनं वर्गाच्या दारात सांगितलं, आणि मला त्याच वर्गात तिच्या मागच्या बाकावर बसवेना. म्हणून तर मामाच्या स्टुडिओत येऊन पडलो.

शुक्रवारी भर रस्त्यात बुटक्याची कॉलर धरली. नाही नाही ते बोललो. माझ्या ताटातलं पळवलंस, असंसुद्धा. तो म्हणाला, ‘ती काय ताटातली वस्तू आहे?’ बरोबरच बोलला. म्हणून आणखी भडकलो.

शनिवारी सकाळी चिठ्ठी पाठवली. ‘जायच्या आधी वर्दीतला फोटो काढून जा. तिला हवाय.’ तिनं काही मागितलं नव्हतं. मला त्याला घाबरवायचं होतं. विमानात चढताना त्याला तो नियम आठवावा, एवढंच. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. नव्हता.

आला. उंच दिसावं म्हणून औषधाच्या बाटल्यांचं खोकं ओढून त्यावर उभा राहिला. ‘कमरेपर्यंतच घे. खालचं कुणाला कळतंय.’ मी तीनच गोष्टी बोललो. हनुवटी वर. हलू नकोस. झालं.

तो दारापर्यंत जाऊन थांबला. ‘आणखी काही?’

मी त्याच्याकडं पाठ करून काचेची चौकट बंद करत बसलो. बंदच होती ती.

११ मार्च, मंगळवार

काकू आल्या. शेजारच्या, बुटक्याची आई. घरात त्याचा एकच फोटो आहे, शाळेच्या घोळक्यातला, त्यात तो कुणाच्या तरी डोक्यामागं अर्धा झाकलेला. ‘निघायच्या दिवशी म्हणाला होता, तुझ्याकडं जाऊन फोटो काढून येतो. तो मिळेल का रे?’

मामानं माझ्याकडं पाहिलं. तोंडून निघूनच गेलं — काच बाद झाली, उजेड लागला.

‘काचेला लागला? तुझ्या डोक्यात तेवढा कधी पडत नाही,’ मामा म्हणाला.

काकूंनीच त्याला आवरलं. ‘असू दे. मुद्दाम का केलंय पोरानं.’ जाताना माझ्या गालाला हात लावला. ‘किती वाळलायस. जेवतोस ना वेळेवर?’

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१२ मार्च, बुधवार

काच धुतली. स्वच्छ निघाली, एक डाग नाही. खाली खोक्याची कड आलीय — मी कमरेपर्यंत घेतलाच नव्हता, लक्षच नव्हतं माझं. तो हसतोय. घाबरलेला माणूस असा हसत नाही. मग कशाला हसतोय?

१४ मार्च, शुक्रवार

ती दुकानावरून दोनदा गेली. आत आली नाही. मी पडद्याआड झालो.

१५ मार्च, शनिवार

आज आत आली. ‘एकच विचारायचंय,’ म्हणाली. ‘तुमचं भांडण मिटलं होतं ना?’

चिठ्ठी त्यानं तिला दाखवली होती. मी कुठं मागितलाय फोटो, असं ती त्याला म्हणालीही. तर हा म्हणाला — ‘ठाऊक आहे. भडकूला चुकलो म्हणता येत नाही, लहानपणापासून. म्हणून हे निमित्त काढलंय. जाऊन येतो.’ आणि तुमचा तो नियम, तिनं विचारलं. ‘तो परक्या फोटोग्राफरांसाठी.’

‘मिटलं ना?’ तिनं परत विचारलं.

मी नाही म्हणालो. ती गेली.

फोटोची प्रत सुकलीय. खालचं खोकं कापलेलं नाही. ती प्रत काकूंच्या हातात देणार, आणि चिठ्ठीचंही सांगणार. मग त्या गालाला हात लावोत नाहीतर तोंडावर दार आपटोत. मामा आतून ओरडतोय, ‘दुकान टाकून कुठं निघालास?’ सव्वाचार झालेत. वही मिटतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.