माझ्या हातचा दुसरा थर

अब्बा, पातळ पत्र्याचा वेल्डिंगचा जोड किती झटके सोसून थकेल, हे कॉम्प्युटरवर आधीच काढून सांगणं हे आता माझं काम आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, तुटल्यावर दिसतंच की. पण कधीचा तुटून गेलेला एक जोड मी आठ दिवसांपासून मांडून बसले आहे, आणि जितकं मांडते तितकी गोंधळते.

नापिकीच्या त्या वर्षांत नवं अवजार कोणी घेत नव्हतं, जुनंच पुन्हा पुन्हा जोडायला अकोल्याला आपल्या वेल्डिंगच्या दुकानात आणायचे. दर्यापूरकडचा तो माणूस पेरणीयंत्र टाकून बाजारात गेला. यंत्रामागे उभं राहायची फळी ज्यावर बसते, तो पातळ पाइप तडकला होता. जाड करा, पुन्हा यायची ऐपत नाही, एवढं सांगून गेला. तुम्ही एकच थर दिला. मी इंजिनिअरिंगची, सुट्टीत आलेली, शहाणपण उतू चाललेलं. अजून एक द्या म्हणाले. "पाइप पतला हाय बेटा. लय माल घातला तं बाजूनं फाटते," म्हणत तुम्ही जुम्म्याच्या नमाजला गेलात. मी वेल्डिंगचा होल्डर उचलला, वरून दुसरा थर दिला आणि लाल रंगही फासून टाकला.

पेरणीतच पाइप थराच्या कडेला फाटला. फळीवर उभा असलेला तो माणूस मागे पडला, त्याचा पाय कायमचा अधू झाला. तुम्ही मला घेऊन जीपनं दर्यापूर गाठलंत. फाटलेला पाइप हातात फिरवून पाहिलात आणि चार लोकांत म्हणालात, "माह्या हातानं चुकलं, दादा." गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायला लागलं. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत, जेवताना परीक्षेचं तेवढं विचारायचे. त्याचा मला अजून राग येतो. एकदा माझ्यावर ओरडायचं होतंत.

माझा थर तुम्ही ओळखला होता, की तुमचाच जोड चुकला असं खरंच वाटलं? आणि माझ्या थराशिवाय तुमचा जोड टिकला असता का, हे कॉम्प्युटरही नीट सांगत नाही. तुमच्या थराची कड पाइपात गुळगुळीत मिसळलेली धरली, तर तो वर्षानुवर्षं टिकतो. केसभर टोकदार धरली, तर त्याच पेरणीत तुटतो. ती कड कशी होती, मला ठाऊक नाही. मी ती झाकून टाकली होती.

टोकदार धरलं की मला जरा बरं वाटतं. आज तसंच धरून फाइल ठेवून दिली. तो माणूस अजून दर्यापूरला आहे, लंगडत बाजारात येतो म्हणतात. हे पत्र त्याच्या नावानं लिहायला हवं होतं, अब्बा. तुमच्या नावानं लिहिलं, कारण ते कुठे पाठवावं लागत नाही.