नसबंदीचा मुहूर्त

६ जानेवारी
संयोगिताची तांबी काढली. मुदत संपली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सेहेचाळीस वय, पाळी मागंपुढं होतीय, पण बिनघोर राहू नका. पाळी बंद होऊन वर्ष उलटेपर्यंत दिवस जाऊ शकतात. बीपीमुळं हिला गोळ्या नकोत. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, तुमची नसबंदी सगळ्यात सोपी. तिथंच शब्द दिला. पैलवानाचा शब्द. बाहेर आल्यावर संयोगिता म्हणाली, लग्न झाल्यापासनं ह्यातलं सगळं मीच सोसलंय, आता जरा तुम्ही. बरं वाटलं ऐकून.

१९ जानेवारी
तालमीत उदयसिंहला सहज विचारलं. म्हणाला, अंगातली रग जाती, आपल्यासारख्यानं असलं करू नये. मी काय भीत नाही. पण पुढच्या महिन्यात गगनबावड्याच्या कुस्ती मैदानाला पंच म्हणून जायचंय. लंगोट सुटून जमाना झाला, तरी लोक आपल्याकडं बघतात की. मैदान झालं की लगेच.

२ मार्च
मैदान झोकात. फेटा बांधला. आता चैत्री यात्रा तोंडावर. टाके घेऊन जोतिबाचा डोंगर कसा चढायचा? संयोगिता म्हणाली, जमत न्हाय तर निरोध तरी आणा. गेलो. मेडिकलवाला ओळखीचा निघाला. खोकल्याचं औषध घेऊन आलो.

२० एप्रिल
यात्रा उत्तम. मात्र ऊन फार. उन्हाळ्यात जखम चिघळते, हे शेंबडं पोरही सांगेल. पावसाळ्यात फिक्स.

११ जून
हिची पाळी दोन महिने नाही. विषयच संपला! मी म्हणत होतो, निसर्ग आपोआप बघतो. उगीच कापाकापी झाली असती. खुशीत मटण आणलं, तांबडा-पांढरा रस्सा करायला लावला. ती जेवली नाही. वासानं मळमळतंय म्हणाली. म्हटलं, ह्या वयात चालायचंच. तपासून येते म्हणाली. म्हटलं, दवाखान्याचं खूळ कशाला?

१५ जून
एकटीच जाऊन आली. दिवस गेलेत.
भाकरी थापता थापता सांगितलं, माझ्याकडं न बघता. म्हटलं, बघ, रग अजून हाय. हसली नाही. म्हणाली, नको म्हणू का हवं म्हणू, मलाच कळंना झालंय. नंदिनीच्या वेळचा पाळणा माळ्यावर हाय का, असं मधेच विचारलं. लेक आता नोकरीला पुण्यात. तिला काय तोंडानं सांगायचं?
या सोमवारी नसबंदी. नक्की.

२२ जून
सोमवार कॅन्सल. आधी हिचं बघायला पाहिजे. बीपी चढलंय, पिशवीत गाठी आहेत. डॉक्टरीणबाई मला काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ जून
सकाळी रक्त जायला लागलं ते थांबेना. रिक्षात तिनंच माझा हात धरला होता. गर्भ पडला. तरी रक्त थांबेना, म्हणून पिशवीच काढावी लागली. कागदावर सही माझी. दोनदा चुकली. बाहेर बाकावर बसून रडलो. उदयसिंहचा फोन आला, उचलला नाही.

४ जुलै
आज करून आलो. कुणाला न विचारता. सरकारी दवाखान्यात नाव सांगितलं आणि आडवा झालो. शब्द म्हणजे शब्द.
तिथनं थेट तिच्या खाटेशी. सांगितलं, केली बघ नसबंदी. वाटलं होतं, तिला जरा बरं वाटेल.
म्हणाली, आता कशापायी? मग तिनंच विचारलं, लई दुखलं का?
तिला काळजी नको म्हणून खरं ते सांगितलं. मुंगी चावल्यागत. चहा थंड व्हायच्या आत झालं. चालतच आलो.
एवढंच हुतं व्हय, म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून रडायला लागली.