नाल्यापलीकडचा निळा ठिपका

लिंबायत, सुरत
मंगळवार, १७ फेब्रुवारी १९७६

प्रिय विजे,

तुझं पाकीट काल पोचलं. चार कागद, तेही दोन्ही बाजूंनी भरलेले. "मामा, मला जमत नाही, मी दौड सोडली" एवढं पोस्टकार्डावर मावलं असतं. कॉलेजात शाई वाया घालवायला शिकवतात वाटतं. तुझी मामी म्हणाली, मोठ्यानं वाचा. वाचलं. तिसऱ्या कागदाला तिनं पदर डोळ्याला लावला तेव्हा घडी करून देवामागे ठेवून दिलं. रडणं मला चालत नाही, आणि पोस्टानं आलेलं रडणं तर मुळीच नाही.

आधी कामाचं लिहितो. तुमची दौड घेणाऱ्या कॅप्टनसाहेबांनी यादी अजून लावलेली नाही. अबूच्या डोंगरावरच्या मोठ्या शर्यतीला सुरतेच्या दोनच मुली जायच्या आहेत. एक अलका, ती अठवा लाइन्सच्या बंगल्यांतली. दुसरी जागा मोकळी आहे. येत्या रविवारी सोनगडला परत सगळ्या जमणार आणि त्या दिवशी नाव ठरणार. तू नाही आलीस तर तुझ्या नावावर रेघ. मग बस तिकडे दोंडाईच्याला, तुझ्या बापानं बोलावलेल्या पाहुण्यांपुढे पोह्यांची ताटली घेऊन. उखादाजींना तर बरंच झालं असेल. पोरगी पँट घालून रानात पळते हे त्यांना कधी आवडलं होतं? माझी बहीण सुंदरा काही बोलणार नाही, ती लग्न झाल्यापासून बोललेली नाही.

या खेळाचं इंग्रजी नाव अजून माझ्या जिभेवर बसत नाही. मी नकाशाची दौड म्हणतो. तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी किती हसलो ते आठवतं? रानात झाडांना झेंड्या बांधायच्या, मुलींच्या हातात नकाशा नि होकायंत्र द्यायचं, आणि सगळ्या झेंड्या शोधून जी लवकर परत येईल तिला कप. अगं, आमच्या वेळी याला नोकरी म्हणायचे. सरकारी नकाशे काढणाऱ्या मोजणीच्या पार्टीत पाच वर्षं खलाशी होतो मी, म्हणजे साहेबाचा हरकाम्या. साखळी ओढली, झेंडी धरली, ऊन झालं की साहेबाची छत्री धरली. काट्यातून तंगड्या तोडत जायचं आणि येऊन साहेबाला सांगायचं, तिकडे ओढा आहे, तिकडे देऊळ आहे. साहेब खुर्चीत बसून कागदावर मांडायचा. टाळी वाजवायला कुणी येत नव्हतं.

आणि इथे काय थाट! कॅप्टनसाहेबांच्या गळ्यात शिट्टी. पळायला दहा मिनिटं असली की वीस मिनिटं भाषण. पोरींच्या आया थर्मास घेऊन येतात, पोरींना ग्लुकोज पाजतात, नॅपकिननं तोंड पुसतात. पोरींचे बूट खडूनं पांढरे केलेले. रानात जायला बूट पांढरे करून येणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. आणि नकाशा धरायचा कसा तेच कुणाला ठाऊक नाही. कागद एका दिशेला, तोंड दुसरीकडे. ते पाहून मला राहवलं नाही म्हणून मी तुला शिकवायला लागलो, दुसरं काही नाही. तुझी मामी सांगते की मला हौस होती. ती काहीही सांगते.

तू तरी कुठे शहाणी होतीस. दिवाळीनंतर पहिल्या रविवारी उधन्याला रुळाच्या कडेनं तुला चालवलं. डावा पाय पडला की एक, असं मोजत एका तारेच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. चौथ्या खांबाला विचारलं किती, तर तू मालगाडी बघत उभी. नकाशातल्या डोंगराच्या रेघा कळेनात म्हणून मामीचा ज्वारीचा उंडा घेतला, लूमच्या दोऱ्यानं आडवे काप केले आणि एकेका कापाभोवती कोळशानं रेघ ओढून दाखवली. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की रेघा जवळ आल्या की चढ उभा. मामी म्हणे, यांना भाकरीसुद्धा सरळ खाता येत नाही. हजीऱ्याच्या बाजूला खाजणात वेड्या बाभळीचा काटा तुझ्या टाचेत मोडला, तर तू तिथेच बसून आईच्या नावानं ओरडायला लागलीस. मी म्हटलं, आई दोंडाईच्याला आहे, काटा इथे आहे, काढ आणि चाल.

आणि तो पानवाला! डुमसच्या रस्त्यावर तू नकाशा सोडून पानवाल्याला वाट विचारलीस. त्यानं बोट दाखवलं, तू दोन मैल भलतीकडे गेलीस. त्या दिवशी मी काय बोललो ते तुला पाठच आहे, तुझ्या पत्रात तू ते परत लिहिलं आहेस. आपल्या मुलखात "मला माहीत नाही" असं कुणी म्हणत नाही. विचारलं की बोट दाखवतात. न गेलेल्या वाटेचं सांगतात, न पाहिलेल्या गावाचं सांगतात. म्हणून कुणाला विचारायचं नाही. माणूस खोटं बोलतो, कागद बोलत नाही. तूही एवढी भोळी पोर, की ते धरून बसलीस.

मग जमायला लागलं तुला. जानेवारीत तिसरी आलीस, पुढच्या वेळी दुसरी, डुमसच्या वाळूत पहिली. अलकाच्या आईचा चेहरा काय झाला होता! लिंबायतच्या चाळीतली पोर, बूट सेकंडहँड, आणि नऊ मिनिटं आधी परत. मामीनं शिरा केला. मी दोनदा मागून खाल्ला.

आता सोनगडचं. तू चार कागदांत लिहिलंस ते मी चार ओळींत लिहितो. पाचव्या झेंडीवरून सहावीला जायला दोन वाटा होत्या. सात मुली गाडीवाटेनं लांबून वळसा मारून गेल्या. तू सरळ काढलीस, नाल्याच्या वळणापासून टेकाडाखालच्या विहिरीपर्यंत आणि विहिरीवरून डावीकडे घळीत वर. मी शिकवली होती तशीच. जवळची वाट आणि मधे पक्की खूण. नकाशात विहिरीचा निळा ठिपका स्वच्छ होता. तू वळणावरून मोजत गेलीस, विहीर नाही. परत वळणावर आलीस, परत मोजलंस, विहीर नाही. पाऊण तास तू तिथे गोल फिरलीस. जवळ शेळ्या चारणारी बाई होती, तिलाही विचारलं नाहीस. शेवटची आलीस.

आणि येऊन ताठ मानेनं म्हणालीस, तिथे विहीर नाहीच. कॅप्टनसाहेब हसले. "सरकारी नकशो खोटो ने तुं साची?" म्हणजे नकाशा खोटा नि तू खरी! थर्मासवाल्या आया फिदीफिदी हसल्या. त्या हसण्याचं मला काही नाही, त्यांना कशालाही हसू येतं. पण तू माझ्याकडे वळलीस. नकाशा पुढे केलास, ठिपक्यावर बोट ठेवलंस, म्हणालीस, मामा तुम्ही सांगा. आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, नकाशा नाही चुकत, तुझी पावलं चुकली.

गाडीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं दोंडाईच्याला गेलीस, बूट इथेच टाकून. आणि आता लिहितेस, "मामा, तुम्ही म्हणालात तेच खरं. मला मोजता येत नाही, मी उगाच नकाशाला दोष दिला." एवढी शिकलेली पोर आणि कुणीही सांगितलं की खरं धरते. चीड येते मला.

मामीला पत्र वाचून दाखवलं तेव्हा तिनं पदर लावला हे मी वर लिहिलं. पुढचं लिहिलं नाही. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमनं पाप पोरना डोकावर काब्र टाकी ऱ्हायनात?" पाप माझं, ते तुझ्या डोक्यावर का, हे ती विचारणारच, कारण तिला ठाऊक होतं. गेल्या शुक्रवारी मी न जेवता बसलो तेव्हा तिनं माझ्याकडून काढून घेतलं होतं. शनिवारी कारखान्यात खाडा करून मी सोनगडला गेलो. स्टेशनापासून चालत नाल्याच्या वळणावर गेलो. धरणाचं काम झाल्यापासून तिकडचे रस्ते बदललेत, झाडं तुटलीत, म्हणून दौडीच्या दिवशी गाडीतून उतरताना मला जागा कळली नव्हती. तू ठिपक्यावर बोट ठेवलंस तेव्हा कळली. विळ्यासारखं वळण घेतलेला नाला. त्या वळणावरचं मोहाचं झाड अजून उभं आहे.

सन बासष्टचा मे महिना. साहेब तंबूत, मी नाल्यावर. गावातल्या एकानं हात लांब करून सांगितलं होतं की पलीकडे टेकाडाखाली पक्की विहीर आहे. साहेब म्हणाला, भटू, जा, पाहून ये, पावलं मोजून ये. ऊन असं की चपलेचा तळ चिकटत होता. मी मोहाखाली बसलो. दोन बिड्या ओढल्या. मग परत जाऊन सांगितलं, आहे साहेब, पक्की आहे, पाणी आहे. किती पावलं? चारशे. साहेबानं पेन्सिल टेकवली. पुढे त्याची शाई झाली, छापखान्यात निळा रंग चढला. मी गेलोच नव्हतो, विजे. शनिवारी गेलो, चौदा वर्षांनी. चारशे पावलांवर करवंदीची जाळी आहे. शेळ्यांवाल्या बाईचा सासरा भेटला, ऐंशीचा असेल. तो म्हणाला इथे कधीच विहीर नव्हती, ती गावाच्या त्या अंगाला आहे. खात्री करावी म्हणून मी जाळीत शिरलो, काठीनं सगळीकडे ठोकून पाहिलं. दगड.

पानवाल्याला नावं ठेवत होतो मी! त्या पानवाल्यानं तुझे दोन मैल वाया घालवले. मी तुझा अख्खा हंगाम घालवला, आणि वर तुलाच खोटं पाडलं. कागद खोटं बोलत नाही म्हणे. कागदावर काय काय चढतं ते या दोन डोळ्यांनी पाहिलेला माणूस मी, आणि पोरीला हे शिकवतो. ठिपक्यावर तुझं बोट होतं आणि थर्मासवाल्या बायका बघत होत्या, तेवढ्यासाठी मी खोटं बोललो. बाकी कारण नाही. असतं तर लिहिलं असतं.

काल कामावरून सुटल्यावर कॅप्टनसाहेबांच्या बंगल्यावर गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शिट्टीशी चाळा केला, ऐकून घेतलं आणि काय म्हणाले असतील? "सरकारी नकशो खोटो ने तमे साचा?" त्यांना वाटतं भाचीसाठी मामा गोष्ट रचतोय. म्हटलं, साहेब, पायांनी चला आणि बघा. खूप आढेवेढे घेतले, शेवटी कबूल झाले. रविवारी दौडीआधी ते टेप घेऊन तिथे येणार आहेत. सगळ्या मुली येणार, आयाही येणार, थर्माससकट येऊ देत.

म्हणून हे पत्र. माफी वगैरे मला लिहिता येत नाही, चौथीत ती शिकवली नव्हती. तू शनिवारच्या पॅसेंजरनं निघ आणि सुरतेपर्यंत येऊ नकोस, सोनगडलाच उतर. मी फलाटावर असेन. दाजी आडवे आले तर सांग, मामानं बोलावलंय, त्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. बूट मी आणतो. मामीनं धुऊन ठेवलेत, खडू लावू दिला नाही मी. रविवारी वळणावरच्या मोहापासून तू पुढे चालायचं, डावा पाय पडला की एक, मोठ्यानं मोजत. तुझ्यामागे मी, माझ्यामागे कॅप्टन टेप घेऊन. चारशेला थांब. ही विहीर कुणी खणली ते तिथे मी सगळ्यांदेखत सांगेन. कुणाला हसायचं असेल तर तेव्हा हसावं. तू इकडेतिकडे बघू नकोस, माझ्याकडे तर नकोच. तू फक्त मोज. तुझी पावलं चुकली नव्हती.

तुझाच,
भटूमामा