क्लच ह्यांचा, गिअर माझा

५ नोव्हेंबर २०१७
ठरलं. गाडी घ्यायची. छोटी, पण टर्बो. आणि मॅन्युअलच.
दिवाळी करून पुण्याला परत जाताना अभिषेक म्हणाला, "आई, वणीत एकटी राहून करतेस काय? बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. ऑटो मिळाली नाही म्हणून दोनदा डॉक्टर चुकवलास. संक्रांतीला येतो, घर आवरू, माझ्याकडेच चल." मी म्हटलं, मी गाडी चालवणार आहे. पोटचा मुलगा हसला. म्हणाला, संक्रांतीला चालवून दाखव, मग पुण्याचं नाव काढणार नाही.
पंधरा दिवस पुरतील मला.

६ नोव्हेंबर
सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत. ह्यांचे गाड्यांवरचे जुने अंक काढले. तिसऱ्यांदा वाचले. टॉर्क कळला.
मला गाडी येत नाही हे म्हणणं चूक आहे. अर्धी येते. हे खाणीच्या ऑफिसातून आले की आम्ही वरोऱ्याच्या रस्त्याला चक्कर मारायचो. मी डावीकडे. हे क्लच दाबायचे, म्हणायचे, "सेकंड". मी सेकंड टाकायची. "थर्ड". टाकला. वर्षानुवर्षं. हात एकदाही चुकला नाही.
राहिला फक्त क्लच. पाय तर मला आहेत.

९ नोव्हेंबर
अय्यूबभाईंच्या गॅरेजात गेले. ह्यांची गाडी त्यांनीच सांभाळली, त्यांनीच विकून दिली. विचारलं, मॅन्युअल की ऑटोमॅटिक?
"मॅन्युअलच घ्या वहिनी. आटोमॅटिक कायले? तिच्यात रोज बिघडाले काही नसते, मंग आमी खावाव काय?"
जाणकाराचा निष्पक्ष सल्ला. आतून त्यांची बायको हजराबी ओरडली, "इनकी मत सुनो भाभी!" तिला गाड्यांतलं काय कळतं.
परवापासून शिकवणी. त्यांच्याच गाडीवर, मैदानात.

१४ नोव्हेंबर
गाडी सारखी बंद पडते. गाडी जुनी आहे.
शिवाय एक अडचण, जी कुठल्याच अंकात दिलेली नाही. उजवीकडे बसलं की गिअर डाव्या हाताला येतो. मी सवयीने उजवा हात नेला, तर स्टिअरिंग सुटलं. अय्यूबभाई खिडकीबाहेर पाहत "या अल्ला" म्हणाले. ऊन फार होतं.

१७ नोव्हेंबर
उपाय सुचला. "सेकंड" असं मोठ्याने म्हणायचं, म्हणजे हात आपोआप जाईल.
म्हटलं. हात गेला नाही. मीच म्हटलं तर जात नाही.
अय्यूबभाईंना म्हणायला सांगितलं. त्यांनी "शेकंड" म्हटलं. त्यानेही नाही.

२४ नोव्हेंबर
लर्निंग लायसन्सची लेखी परीक्षा. पैकीच्या पैकी. वाचनाचा फायदा. आता उरलं ते किरकोळ.

२ डिसेंबर
यवतमाळच्या शोरूमची मिताली डेमोची गाडी घेऊन आली. दोन्ही आणते म्हणत होती. मी बजावलं, फक्त मॅन्युअल.
पुलाच्या चढावर जिनिंग मिलला जाणाऱ्या कापसाच्या ट्रॉल्यांची रांग. यंदा अळीने बोंडं पोखरली, तरी रांग तेवढीच, कारण आत घेतच नाहीत. मी शिस्तीत थांबले. रांग हलली. क्लच सोडला.
टर्बो म्हणजे काय ते आज कळलं.
खरं म्हणजे आम्ही फार पुढे गेलो नाही. ट्रॉलीच मागे आली असणार. तिची जाळी फाटली आणि बॉनेटवर कापूस. रस्त्यावरही कापूस.
ट्रॉलीवाला पूनमसिंग उतरला. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बाई, पांढऱ्या कापसाले भाव नाही. आता हा काळा झालेला कोन घेईन? माल पाहनाऱ्या ग्रेडरले काय सांगू, बाईनं रंगवला?"
मी पदर खोचला आणि वेचायला लागले. मितालीही वेचायला लागली, उंच टाचांवर. मागचे दोघेतिघे आले. खराब झालेल्याचं मी भरून देईन म्हटलं. पूनमसिंग जरा नरमला. म्हणाला, "वेचता तं झकास. गाडी कायले चालवता? आमच्या वावरात या."
एकंदरीत डेमो चांगला झाला.

३ डिसेंबर
मितालीचा फोन. "मॅडम, ऑटोमॅटिक एकदा पाहा ना. प्लीज. प्लीज." मी सांगितलं, ऑटोमॅटिक ज्यांना गाडी येत नाही त्यांच्यासाठी असते. तिने "हो मॅडम" म्हणून फोन ठेवला. पटलं असावं.

१० डिसेंबर
ऑटोमॅटिक चालवली. नुसती माहिती म्हणून.
पुलावर थांबली. पुलावरून निघाली. बंद पडली नाही, उडाली नाही, कोणी "या अल्ला" म्हटलं नाही. वरोऱ्याच्या रस्त्याला बरीच लांब नेली.
डाव्या हाताला काम नाही. डावीकडे मिताली बसली होती, तिलाही काम नाही. अशा गाडीत दोघांनी बसायचं कशाला?
घरी येऊन जेवले नाही. अंक माळ्यावर टाकले. पुन्हा काढले.

११ डिसेंबर
ऑटोमॅटिक बुक केली. तात्पुरती.

८ जानेवारी २०१८
गाडी आली. लाल. किल्ली लावायची नाही, पर्समध्ये ठेवायची आणि नुसतं बटण दाबायचं. पक्क्या लायसन्सची परीक्षा हिच्यातच देणार.
संध्याकाळी उगाच डावीकडे जाऊन बसले. अय्यूबभाई येऊन बघून गेले. बॉनेट उघडलं, उसासा टाकला, बंद केलं.

१० जानेवारी
पास. साहेबाने मान वरही केली नाही.

१३ जानेवारी
अभिषेकला स्टँडवरून गाडीने आणलं. तो डावीकडे बसून फोन पाहत होता. मुलाने आईच्या गाडीत फोन पाहायचा म्हणजे त्याला भीती वाटली नाही. घरी आल्यावर म्हणाला, "जमलं की आई तुला. राहा वणीलाच."
जिंकले. आता रोज गाडी काढायची. कुठे जायचं ते ठरवते आहे.

१५ जानेवारी
कुठे जायचं ते ठरेना, म्हणून दूध आणायला गेले. सेवादासचं दुकान कोपऱ्यावर आहे. गाडीनेच गेले. दूध घेतलं, घरी आले, चहा केला.
दुपारी जेवताना अभिषेकने विचारलं, गाडी कुठाय?
सर्व्हिसिंगला, म्हटलं.
"एका आठवड्यात?"
टर्बोला लवकर लागते, म्हटलं. तो उद्या जाणार. दूध घेऊन मी सवयीने पायीच घरी आले, हे त्याला कळता कामा नये.
तो आडवा झाल्यावर चालत कोपऱ्यावर गेले. किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि गाडी दुकानापुढे चालू. सेवादास म्हणाला, "ताई, सकायपासून घुरघुरून राह्यली. मले वाटलं, आत कोणी बसलं हाये, तुमची वाट पाहून राह्यलं."
मॅन्युअल असती तर मी थांबताच बंद पडली असती.