उतरत्या भावाची गोळी

सोमवार, १० नोव्हेंबर

आधी सगळ्यांच्या तब्येती. सानवीचा, नातीचा, खोकला बसला. सुनेची, ऋतिकाची, कंबर बरी. माझे गुडघे कुरकुरतात, तरी मासळी विकायला बसते. ह्यांचंच काय ते कळेना! ब्लडप्रेशरची गोळी रोज चहाबरोबर मी स्वतः देते, तरी उठताना भिंत धरतात.

ऋतिकाचं महिनाभर एकच — "आई, सरकारनं औषधं स्वस्त केलीत. जनऔषधीच्या दुकानात तीच गोळी मिळते." तीच? अगो, मासळीचा भाव कधी उतरतो ते मला विचार! संध्याकाळी — कल्ले काळे पडले की.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बाजारातून येताना त्या दुकानात डोकावले. पाकीट साधं, पांढरं. भाव ऐकून मी सवयीनं घासाघीस केली. दुकानदार हसला — "आजी, ह्याहून काय कमी करू?" गिऱ्हाईक बोलायच्या आधीच जी भाव पाडते, ती बाई माल खपवायच्या घाईत असते. घेतली नाही!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

हे, जन्मभर होडीचे तांडेल, जेटीवर झोकांडले. दमयंती शेजारीण सगळ्यांदेखत — "काय गो, तांडेल परत घ्यायला लागला काय?" मेली! दारू सोडून युग लोटलं. पण घरी आल्यावर तोंड हुंगलंच. वास नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सदरा धुवायला मागितला, तर खिशावर हात ठेवून बसले. काहीतरी लपवतायत.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पडले! न्हाणीत. डोक्याला खोक. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, प्रेशर फारच खाली गेलंय, रात्रभर ठेवू. शेवटी मीच डॉक्टरांना बाजूला घेतलं — लपून पीत असतील हो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दारू नव्हे. सदऱ्याच्या खिशातून त्या दुकानातलं पांढरं पाकीट निघालं! डॉक्टरांनी मी रोज देते त्या गोळ्यांशेजारी धरलं — "आजी, कंपन्या दोन, औषध एकच. आजोबा दुप्पट घेत होते." म्हणजे स्वस्तातलीही लागू पडत होती — म्हणून तर पडले!

"तुला पटवायचं होतं," हे म्हणाले. "म्हटलं, आधी स्वतः घेऊन बघू."

"मग माझी कशाला गिळलीत?"

"तू समोर उभी असायचीस गो."